लांब नळी, वेगवान गोळी?

स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन नेमबाजीचं ब्राँझ आणल्यापासून या सदराच्या टपालात रायफलीची पत्रं वाढली आहेत. या वेळी बहुतेक पत्रं नळीच्या लांबीवर आहेत, म्हणून ती एकत्र घेतली. नावं छापलेली नाहीत. ज्यानं त्यानं आपलं पत्र ओळखावं.

प्रश्न : सर, मी कॉलेजात एनसीसीला आहे. कॅम्पमध्ये पॉइंट टू टू (.22) रायफलीवर फायरिंग केलं, मग फौजेची इन्सास रायफल हाताळायला मिळाली. आमचा एक सीनियर सांगतो, नळी जितकी लांब तितका गोळीला वेग जास्त आणि नेमही पक्का. पण आमच्या .22 ची नळी तर इन्सासच्या नळीपेक्षा लांब आहे आणि तिच्या गोळीचा वेग इन्सासच्या निम्म्यालाही पोचत नाही. मग सीनियरचं चुकतंय का? (बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, कोथरूड)

उत्तर : सीनियरचं अर्धं बरोबर आहे. तेवढ्या अर्ध्यावर लोक पैसे घालवतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी फौजेत आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा होतो. निवृत्तीनंतर पुण्यातल्या एका क्लबाच्या रायफली सांभाळतो, म्हणजे बहुतेक वेळ दुसऱ्यांनी न पुसलेल्या नळ्या पुसतो. त्या टेबलापाशी हा प्रश्न जवळपास प्रत्येक नवा नेमबाज विचारतो. माझं उत्तर नेहमी एकच असतं : नळीची लांबी नंतर विचार, आधी मागे काडतुसात काय आणि किती जळतंय ते सांग.

बंद पडलेली स्कूटर आपण ढकलत पळतो तेव्हा काय होतं ते आठव. सुरुवातीला सगळा जोर लागतो आणि स्कूटर झपाट्यानं वेग घेते. पुढे तिचा वेग आपल्या पायांच्या वेगाजवळ जातो, हात नुसते टेकलेले राहतात. त्यात ब्रेक जरा घासत असेल तर आणखी पळून वेग वाढत नाही, उलट कमी होतो. नळीत ढकलणारा म्हणजे दारूचा वायू आणि घासणारा ब्रेक म्हणजे नळीची भिंत. दारू पेटली की दाब क्षणात टोकाला जातो, तोवर गोळी जेमतेम काही सेंटिमीटर सरकलेली असते. गोळी पुढे जाते तशी तिच्यामागची जागा वाढते, वायू पसरतो आणि दाब कोसळतो. वायूचा रेटा घर्षणापेक्षा जास्त आहे तोपर्यंत नळीचा प्रत्येक इंच वेग वाढवतो. दोन्ही सारखे झाले की संपलं. त्यापुढची नळी गोळीच्या दृष्टीनं नुसती वाट अडवते.

आता तुझी .22 घे. तिच्या काडतुसात दारू चिमूटभर, तीही झटकन जळणारी. गोळी 40 ग्रेनची, म्हणजे 2.6 ग्रॅम शिशाची. एवढ्याशा वायूला नळीची पोकळी लवकरच मोठी पडते. साधारण 16 ते 19 इंचांच्या नळीत ही गोळी आपला सगळा वेग घेऊन मोकळी होते. नेमबाजीच्या साध्या काडतुसाला तो सेकंदाला 325 ते 330 मीटरच्या घरात असतो. नळी 26 इंचांची केली तर वेग तेवढाच राहतो किंवा किंचित उतरतो. क्लबातल्या जुन्या लांब नळीच्या रायफलीतून, त्याच डब्यातली काडतुसं, आखूड नळीपेक्षा जरा हळू निघताना मी क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजणाऱ्या यंत्रावर, पाहिली आहेत. लांब नळीचा एक फायदा मात्र कानाला कळतो. गोळी बाहेर पडते तेव्हा मागे दाब फारसा उरलेला नसतो, त्यामुळे आवाज मऊ येतो.

इन्सासची गोष्ट वेगळी आहे आणि ती इथलीच आहे. ही रायफल पाषाणच्या एआरडीईत, म्हणजे संरक्षण खात्याच्या हत्यारं आखणाऱ्या प्रयोगशाळेत, आखली गेली. तिचं 5.56 चं काडतूस बाटलीच्या आकाराचं, आत दारू भरपूर आणि ती सावकाश जळणारी. गोळी नळीच्या टोकाला पोचते तेव्हाही मागे चांगलाच दाब शिल्लक असतो, म्हणून इथे लांबी मोबदला देते. किती देते ते त्याच घराण्यातल्या दोन हत्यारांवरून काढता येतं. इन्सास रायफलची नळी 464 मिलिमीटर, गोळीचा वेग सेकंदाला 900 मीटर. तिच्याच एलएमजीची, म्हणजे हलक्या मशीनगनची, नळी 535 मिलिमीटर, वेग 925. नळी 71 मिलिमीटरनी वाढली आणि वेग 25 मीटरनी, म्हणजे इंचाला 9 मीटर. अशा काडतुसांसाठी आमच्या धंद्यात ठोकताळा आहे इंचाला 20 ते 30 फुटांचा, मीटरमध्ये 6 ते 9. तो आपल्या घरच्या हिशेबाशी जुळतो.

हा ठोकताळा सरळ पट्टीसारखा मात्र वापरू नकोस. नळी आखूड होत जाते तसा प्रत्येक गेलेला इंच आधीच्या इंचापेक्षा महाग पडतो, कारण दाब जिथे जास्त तो भाग तू कापायला लागतेस. 24 चे 22 इंच केले तर फारसं बिघडत नाही, 12 चे 10 केले तर हत्याराचा स्वभावच बदलतो. शिवाय एकाच कारखान्याच्या, एकाच लांबीच्या दोन नळ्या आणि एकाच डब्यातली काडतुसं घेतली तरी त्यांच्यात सेकंदाला 10 मीटरचा फरक सहज निघतो. बोअर (नळीचं भोक) कणभर घट्ट, चेंबर (काडतूस बसतं तो खण) कणभर सैल, एवढ्यानं भागतं. म्हणजे एका इंचानं जे मिळायचं ते नळीच्या जन्मपत्रिकेतच मिळून गेलेलं किंवा हरवलेलं असू शकतं. इंचाचा हिशेब छातीठोकपणे सांगणाऱ्याला मी आधी विचारतो, बाबा रे, एकच नळी कापत मोजलंस की दोन वेगळ्या नळ्या शेजारी ठेवून?

नळी आखूड केल्याची किंमत फक्त वेगात मोजायची नसते. .303 ची नेहमीची ली-एन्फिल्ड रायफल 25.2 इंच नळीची. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जंगलातल्या लढाईसाठी तिची आखूड बहीण निघाली, जंगल कार्बाइन. काडतूस तेच ठेवलं आणि नळी सुमारे साडेसहा इंचांनी कमी केली. जी दारू आधी नळीत काम करायची ती आता तोंडाबाहेर भडकायला लागली. म्हणून तो भडका लपवायला तोंडाला नरसाळ्यासारखा तुकडा बसवावा लागला. हलक्या रायफलीचा धक्का खांद्याला सोसेना, म्हणून दस्त्याला रबर लावलं. ही रायफल हाताळलेले जुने हवालदार तिच्याबद्दल जे बोलायचे ते या मासिकात छापण्याजोगं नाही.

हाच धडा पुढे एआरडीईनं कार्बाइन करताना गिरवलेला दिसतो. जेव्हीपीसी नावाची जी कार्बाइन त्यांनी आखली तिच्यासाठी काडतूसच छोटं घेतलं, 5.56 बाय 30 (मिलिमीटरमध्ये गोळीची जाडी आणि पुंगळीची लांबी), तर इन्सासचं 5.56 बाय 45 आहे. नळी आखूड हवी असेल तर तिच्यात मावेल एवढंच जळण द्यावं. हे मला कुठल्याही जादा इंचापेक्षा शहाणपणाचं वाटतं.

आता सीनियरच्या वाक्याचा दुसरा तुकडा, नेम पक्का होण्याचा. इथे तो पुरताच घसरतो.

नळी ताठ असली की गोळ्या एका जागी पडतात, आणि लांबी ताठपणाच्या मुळावर येते. नळीची जाडी तीच ठेवून लांबी दुप्पट केली तर टोकावरच्या तेवढ्याच भाराला ती आठपट लवते. गोळी सुटताना नळी थरथरते, लांब आणि बारीक नळी जास्त थरथरते. म्हणून बेंचवरून टिपायला बसलेले लोक जाड आणि बेताच्या लांबीच्या नळ्या पसंत करतात.

मग स्पर्धेतल्या .22 रायफली एवढ्या लांब का दिसतात? ती लांबी डोळ्यासाठी असते. मागची पीपसाइट (बारीक भोकाची साइट, दुर्बीण नव्हे) आणि नळीच्या टोकाची माशी (पुढची साइट) यांच्यात जितकं अंतर, तितकी जुळवणीतली चूक लक्ष्यावर लहान होते. दोन्हींत 60 सेंटिमीटर अंतर असेल आणि माशी एक दशांश मिलिमीटर बाजूला राहिली, तर 50 मीटरवर गोळी 8.3 मिलिमीटर सरकते. अंतर 75 सेंटिमीटर केलं तर तीच चूक 6.7 वर येते. लक्ष्यावरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास 10.4 मिलिमीटर आहे, तेव्हा दीड मिलिमीटर म्हणजे चैन नव्हे. पण त्यासाठी खरी नळी लांब करायची गरज नाही. हल्लीच्या कित्येक रायफलींत आटे (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचा) असलेली नळी आखूडच असते. तिच्या तोंडापुढे मोठ्या भोकाची पोकळ नळकांडी लावून तिच्यावर माशी बसवलेली असते. गोळी त्या नळकांडीला शिवतही नाही.

वेगाबद्दल नेमबाजाला जी गोष्ट खरी छळते ती निराळीच. 325 मीटर वेगाची गोळी 50 मीटर जायला सेकंदाचा सुमारे सहावा भाग घेते आणि तेवढ्यात साडेबारा सेंटिमीटर खाली पडते. रोज तेवढीच पडत असेल तर तू साइट तेवढी वर धरतेस, प्रश्न मिटला. पण एक गोळी 325 नं आणि पुढची 315 नं सुटली, तर ती दुसरी पाऊण सेंटिमीटर आणखी खाली जाते. म्हणजे नेम बरोबर, घोडा बरोबर दाबलेला, आणि तरी दहा हुकू शकतो. यामुळेच वरच्या दर्जाचे नेमबाज काडतुसं लॉट (एका खेपेला बनलेला साठा) लावून तपासतात, आपल्या नळीला कुठला लॉट मानवतो ते बघतात आणि मग तोच साठवतात. कुणाची गोळी 5 मीटर जास्त वेगानं जाते याची चौकशी करताना मी तरी कुणाला पाहिलेलं नाही.

जाता जाता आर्मररचं तुणतुणं. नळीच्या सगळ्या लांबीत महत्त्वाचा असतो शेवटचा मिलिमीटर, ज्याला आम्ही क्राऊन म्हणतो. गोळी सुटताना मागचा वायू चारी बाजूंनी एकाच वेळी निसटला पाहिजे. क्राऊनला एका कडेला खरवड आली की वायू तिथून आधी निसटतो आणि गोळीला कोपरखळी मारतो. ही खरवड बहुधा युद्धात येत नाही, तोंडाकडून लोखंडी गज खुपसून साफसफाई करणाऱ्या उत्साही मंडळींमुळे येते. कॅम्पमध्ये पुलथ्रू (नळीतून ओढायची दोरी) आणि तिला लावायची फोर बाय टू चिंदी शिकवली असेल. ती चेंबरकडून तोंडाकडे ओढायची, उलट नाही, आणि ओढताना दोरी कडेला घासू द्यायची नाही. सीनियरला हेही सांग.

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, बालेवाडीला 10 मीटर एअर रायफल शिकते. एका दुकानदारानं सांगितलं, लांब नळीची घ्या, पॉवर जास्त मिळते. घ्यावी का? किमती ऐकून छातीत धडधडतं. (पालक, सिंहगड रोड)

उत्तर : नका घेऊ. निदान त्या कारणासाठी तरी नका. स्पर्धेच्या एअर रायफलीची आटे असलेली नळी सुमारे 42 सेंटिमीटरची असते, त्यापुढे दिसतं ते पोकळ आवरण आणि माशीचा आधार. छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला 170 ते 175 मीटर. ऊर्जा काढली तर जेमतेम 8 ज्यूल भरते. आपल्याकडे 2016 च्या शस्त्र नियमांत 4.5 मिलिमीटरच्या एअर रायफलीला विनापरवाना मर्यादा 20 ज्यूलची आहे, म्हणजे निर्मात्यांनी मनात आणलं तर वेग वाढवायला जागा आहे. ते वाढवत नाहीत, कारण 10 मीटरवर कागदाला भोक पाडायला एवढं पुरतं आणि जास्त हवा म्हणजे जास्त धक्का.

उलट एअर रायफलीत लांबीचा तोटा आधी दिसतो. छर्रा हळू, त्यामुळे तो नळीत तीन-चार मिलिसेकंद रेंगाळतो. इन्सासची गोळी एका मिलिसेकंदाच्या आत बाहेर असते. छर्रा आत असताना मुलीचा खांदा हलला तर तो हलणाऱ्या नळीतूनच बाहेर पडणार. लक्ष्याचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा आहे. म्हणून प्रशिक्षक घोडा दाबल्यानंतरही स्थिर राहायला सांगतात, आणि नळी लांब करणं म्हणजे ती परीक्षा लांबवणं.

पैसे घालायचेच असतील तर दस्ता तिच्या हाताच्या मापाचा जुळवता येतो का ते बघा. वाढत्या वयात चीक पीस (गाल टेकायचा भाग) आणि बट प्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी) दर काही महिन्यांनी सरकवावी लागते. पहिलं वर्ष क्लबाच्या रायफलीवर काढलं तरी बिघडत नाही. दुकानदाराला पॉवर विकू द्या, तुम्ही विकत घेऊ नका.

प्रश्न : लांब नळीत आटे जास्त वेढे देतात, म्हणून गोळी जास्त फिरते आणि जास्त स्थिर होते, असं वाचलं. बरोबर? (वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : नाही. गोळी किती वेगानं फिरेल हे आट्यांचा पीळ आणि तोंडाशी असलेला वेग ठरवतात. .22 ला पीळ साधारण 16 इंचांत एक वेढा असा असतो. तोंडाशी वेग 327 मीटर असेल तर गोळी सेकंदाला सुमारे 800 गिरक्या घेत निघते, नळी 18 इंचांची असो वा 26 ची. आणि 26 इंचांच्या पूर्ण प्रवासात ती नळीत स्वतःभोवती फिरते किती? दीड वेळा आणि वर थोडी. लोकांना हा आकडा सांगितला की पटत नाही, म्हणून मी आता त्यांना चिंदी लावलेला गज हळू ओढून मूठ किती वळते ते बघायला लावतो.

प्रश्न : हाय व्हेलॉसिटी .22 काडतुसं वापरली तर 50 मीटरवर वाऱ्याचा त्रास कमी होईल ना? (नवा नेमबाज, पिंपळे सौदागर)

उत्तर : कमी नाही, जास्त होतो. ती गोळी 380 मीटरच्या आसपास निघते, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगानं. पुण्याच्या हवेत ध्वनीचा वेग थंडीच्या सकाळी 337 आणि दुपारी 346 च्या आसपास असतो. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा अडथळा अचानक वाढतो, गोळी झपाट्यानं मंदावते आणि लक्ष्यापाशी पोचताना नेमका तोच उंबरठा ओलांडत असते. वारा गोळीला किती ढकलेल हे ती एकूण किती वेळ हवेत होती यावर ठरत नाही, अडथळ्यामुळे तिला किती उशीर झाला यावर ठरतं. साधी स्पर्धेची गोळी मुळातच ध्वनीच्या खाली निघते, म्हणून तिची ही कुतरओढ टळते. तुमचा डबा फोडला नसेल तर परत करून या.

प्रश्न : वेल्ह्याकडे शेती आहे. वडिलांच्या नावावर पिकाच्या राखणीसाठी परवान्याची बारा बोर बंदूक आहे, नळी 30 इंचांची. झाडीत अडकते. गावातला एक लोहार सहा इंच कापून देतो म्हणतो. वेग किती कमी होईल? (शेतकरी)

उत्तर : वेगाचं सोडा. शस्त्र कायदा 1959 च्या सहाव्या कलमानुसार स्वतंत्र परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करणं हा गुन्हा आहे. तुमचा बंदूक बाळगण्याचा परवाना त्याला पुरत नाही. लोहाराला घरी पाठवा, आणि हे त्यालाही सांगा, कारण अडकेल तोही.

विचारलंच आहे म्हणून सांगतो. छर्ऱ्याच्या बंदुकीत लांबीचा वेगावर परिणाम रायफलीपेक्षा खूपच कमी असतो. नुकसान होतं ते दुसरीकडे. छर्रे एकत्र ठेवणारा चोक नळीच्या अगदी तोंडाशी असतो, कापलेल्या सहा इंचांत तोच जातो. मग छर्रे विखुरतात आणि माणसं कुठे उभी आहेत याचा भरवसा राहत नाही. रानडुकरांचा त्रास असेल तर वनखात्याकडे नुकसानभरपाईचा अर्ज करा, पंचनाम्याला पीक उभं असतानाच बोलवा. आणि परवाना वडिलांच्या नावावर आहे, तेव्हा बंदूक तुम्ही घेऊन फिरत असाल तर तेही आजच थांबवा.